कोयता दोघांचा, खाते एकाचे

दरवर्षी दिवाळी सरली की वाळवा, पलूस, कडेगाव, कराड या पट्ट्यातल्या रस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. त्यात माणसे, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरे आणि वर बांधलेली कोपीची ताडपत्री. बीडहून, जालन्याहून, आमच्याच जत-आटपाडीकडून ऊसतोड कामगार कृष्णाकाठी उतरतात. साखर कारखान्याच्या भाषेत या माणसांना माणूस म्हणत नाहीत, 'कोयता' म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा कोयता.

उचल कोण घेतो? नवरा. मुकादमाच्या वहीत नाव कोणाचे? नवऱ्याचे. हंगाम संपल्यावर हिशेब कोणाबरोबर? नवऱ्याबरोबर. आणि पहाटे चारला उठून भाकऱ्या थापणारी, उजाडायच्या आत फडात शिरणारी, ऊस साळणारी, मोळी बांधून डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी, परत येऊन चूल पेटवणारी बाई? ती वहीत नाही. ती अर्धा कोयता आहे, आणि अर्ध्या कोयत्याला नाव नसते.

जानेवारी २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. वाढ ३४ टक्के, म्हणून पेपरात मोठे मथळे आले. आता हिशेब मांडा. जोडीने दिवसभर राबून दोन टन ऊस तोडला, बांधला आणि भरला तर ७३२ रुपये. दोघांत वाटले तर माणशी ३६६. वाटले तर! वाटण्याची सोयच कुठल्या कागदावर नाही. बाईच्या वाट्याचे ३६६ रुपये साखरेच्या पोत्यात आहेत, कारखान्याच्या ताळेबंदात आहेत, राज्याच्या आणि देशाच्या उत्पन्नात आहेत. फक्त तिच्या हातात नाहीत.

मित्रांनो, आज आम्हाला राष्ट्रीय उत्पन्नावर बोलायचे आहे. हा विषय प्राध्यापकांचा आहे, चळवळीचा नाही, असे आपल्यातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना वाटते. बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो आणि पुढच्या वाक्याला विसरतो. आमचे म्हणणे सरळ आहे. बाईच्या वाटेत बाजाराने, कुटुंबाने आणि जातीने उभ्या केलेल्या भिंती या केवळ बाईचे दुःख नाहीत. त्या या देशाच्या उत्पन्नावर रोज पडणारा दरोडा आहेत. आणि ज्या हाताने जात टिकवली, त्याच हाताने या भिंती बांधल्या आहेत.

तीन प्रकारची चोरी

राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करायची, देश २०४७ पर्यंत विकसित करायचा, असे आपण रोज ऐकतो. त्या आकड्याच्या पोटात शिरून पाहिले की बाईच्या श्रमाची चोरी तीन प्रकारे होताना दिसते.

पहिली चोरी : माल मोजला, मजूर मोजला नाही. ऊसतोडीचे उदाहरण वर दिलेच आहे. दुसरे घ्या दुधाचे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरटी एखादी म्हैस असते. वैरण कापणार कोण, शेण काढणार कोण, धार काढणार कोण? बाई. डेअरीवर सभासद कोण आणि दहा दिवसांचा पगार कोणाच्या खात्यावर? बाप्याच्या. दूध राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते, पण ते कमावणारी सरकारी पाहणीत 'घरच्या उद्योगातली विनावेतन मदतनीस' ठरते. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. याचा मोठा गाजावाजा झाला. पण काम करणाऱ्या या स्त्रियांपैकी तिघींतली एकीहून अधिक अशीच विनावेतन मदतनीस आहे, हे व्यासपीठावरून कोणी सांगितले नाही. नाव कामगारांत आले, मजुरी शून्य. पुरुषांचा सहभाग याच पाहणीत ७८.८ टक्के आहे.

दुसरी चोरी : मजूरही मोजला नाही, कामही मोजले नाही. जगभरच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पद्धतीत घरी खाण्यासाठी पिकवलेली ज्वारी धरली जाते, पण त्या ज्वारीची भाकरी धरली जात नाही. पिगू नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वी याची गंमत सांगितली होती : एखाद्याने पगारी मोलकरणीशी लग्न केले की देशाचे उत्पन्न घटते, कारण काम तेच राहते आणि पगार थांबतो. आपल्याकडे ही गंमत नाही, हा संसार आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी स्त्री त्यात रोज २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत स्त्री २८९, पुरुष ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषाने आपली नऊ मिनिटे काढून घेतली! स्टेट बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये स्त्रियांच्या या बिनपगारी कामाची किंमत सुमारे २२.७ लाख कोटी रुपये, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या साडेसात टक्के, काढली होती. तीही स्वस्तात लावलेली, असे आम्हाला वाटते.

तिसरी चोरी सर्वांत मोठी आणि ती दिसतच नाही : जे काम झालेच नाही. कुपवाडच्या, मिरजेच्या, साताऱ्याच्या एमआयडीसीत फिरून पाहा. बाई असेल तर पॅकिंगला, झाडलोटीला, फार तर तपासणीच्या टेबलावर. लेथवर नाही, भट्टीवर नाही, सुपरवायझरच्या खुर्चीत तर नाहीच. कित्येक दशके कारखाना कायद्यानेच बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्याबाहेर काढले. कायदा सैल झाला, तरी रात्री गावाकडे जायला एसटी नाही, आणि एसटी असली तरी घरातून परवानगी नाही. गणितात नव्वद गुण मिळवणारी मुलगी शिवणकामाच्या कोर्सला बसते आणि तिचा जेमतेम पास झालेला भाऊ कर्ज काढून इंजिनिअरिंगला जातो. ती जे यंत्र बनवू शकली असती ते बनलेच नाही. ते कुठल्या पाहणीत सापडणार?

याचा हिशेब अमेरिकेत काही अर्थतज्ज्ञांनी मांडला आहे. तिथे १९६० मध्ये डॉक्टर आणि वकिलांपैकी ९४ टक्के गोरे पुरुष होते. २०१० मध्ये ते ६२ टक्क्यांवर आले, म्हणजे स्त्रिया आणि काळे लोक आत आले. या पन्नास वर्षांत तिथले दरडोई उत्पन्न जेवढे वाढले, त्यातला २० ते ४० टक्के वाटा केवळ या अडवणुकी कमी झाल्याचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नीट लक्षात घ्या. त्यांनी वंश आणि लिंग हे दोन्ही अडथळे एकत्र मोजले. आपल्याकडे वंशाच्या जागी जात ठेवा. हुशारी काही गोऱ्या पुरुषाच्या घरीच जन्मत नाही, तशी ती पाटलाच्या वाड्यावरच जन्मत नाही. फडावरच्या कोपीतही ती जन्मते, आणि तिथेच विझवली जाते.

बाबासाहेबांचा धागा

आता कोणी म्हणेल, यात आंबेडकरी काय आहे? सगळेच आहे.

१९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला. जात म्हणजे बंदिस्त केलेला वर्ग, आणि बंदिस्त करण्याचे साधन म्हणजे जातीबाहेर लग्नाला बंदी, हे त्यांनी दाखवले. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा त्या बंदीतून जन्मल्या. म्हणजे बाईवर पहारा ठेवल्याशिवाय जात टिकत नाही. आता हा पहारा अर्थशास्त्रात आणा. जिच्यावर पहारा ठेवायचा, तिला दूरच्या गावी कामाला कसे पाठवणार? रात्रपाळीला कसे पाठवणार? परजातीच्या माणसाशेजारी यंत्रावर कसे उभे करणार? स्वतःच्या नावाची जमीन आणि पैसा देऊन मोकळी कशी सोडणार? पहारा टिकवायचा तर बाईचे उत्पन्न बुडवावेच लागते. उच्च जातींनी हे नुकसान प्रतिष्ठा म्हणून मिरवले : 'आमच्या बायका रानात जात नाहीत.' आणि ज्यांना रानात जावेच लागले, त्या आमच्या आया-आज्ज्यांना त्याच न्यायाने हलके ठरवून निम्म्या रोजावर राबवले. एकीला घरात कोंडून लुटले, दुसरीला बांधावर उभी करून लुटले.

१९१८ मध्ये त्यांनी लहान शेतजमिनीच्या प्रश्नावर लिहिले. तेव्हाचे तज्ज्ञ सांगत होते की जमिनीचे तुकडे एकत्र करा, शेती सुधारेल. बाबासाहेब म्हणाले, दुखणे तुकड्यात नाही. दुखणे आहे बिनकामी पडलेल्या श्रमात आणि भांडवलाच्या तुटवड्यात. रिकामे हात उत्पन्नात भर घालत नाहीत, उलट आहे ते खातात. त्यांना उद्योगात काम द्या, शेतीवरचा भार आपोआप उतरेल. शंभर वर्षांनी या देशात सर्वांत मोठ्या संख्येने अडवून ठेवलेले हात कोणाचे आहेत? बाईचे. ते रिकामे नाहीत, उलट पहाटेपासून रात्रीपर्यंत गुंतलेले आहेत, पण जिथे त्यांचे मोल होईल तिथे जायला बंदी आहे.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा खर्च सरकारने आणि जिच्या श्रमाचा फायदा घेतला त्या मालकानेही उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना युद्धकाळात, १९४३ मध्ये, कोळसा खाणीत बायकांना जमिनीखाली कामावर घेण्याची बंदी उठवावी लागली. त्यांच्यावर कडाडून टीका झाली, आणि ती बंदी १९४६ मध्ये परत लागूही झाली. पण त्या वादातही त्यांनी ठासून सांगितले की खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाएवढीच मजुरी मिळते आहे. समान वेतनाचा कायदा देशात आला तो पुढे ३० वर्षांनी, १९७६ मध्ये.

आणि आज? १९२८ चा युक्तिवाद फडापर्यंत पोचलेला नाही. ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावरच नसते. कारखाना म्हणतो, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणतो, नवऱ्याला विचारा. बाळंतपण झाले तर खाडा, पाळीत पोट दुखले तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. बीडमध्ये २०१९ साली झालेल्या सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. यात कित्येक बायका तरण्याताठ्या होत्या. कामाचा खाडा नको म्हणून शरीराचा अवयव द्यावा लागतो, त्या कामाला रोजगार म्हणायचे का? ती साखर आपण चहात घालतो.

'बायकांनाच काम नको असते'

हा युक्तिवाद आम्ही पारावर ऐकतो आणि विद्यापीठातही ऐकतो. त्याला उत्तर सांगलीच्याच मातीत आहे. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात हाच विचार राज्यभर गेला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि पुढे त्याच धर्तीवर देशाचा कायदा आला. या योजनेत तीन साध्या गोष्टी होत्या : काम गावाजवळ, मजुरी कामाच्या मापावर, आणि बाई-बापई दर एकच. झाले काय? माण, खटाव, आटपाडी, जतच्या बायका पाटी-फावडे घेऊन हजारोंनी कामावर आल्या. देशपातळीवर तर रोजगार हमीच्या कामावर अर्ध्याहून अधिक बायकाच दिसल्या. ज्यांना 'काम नको' होते त्या या कोण? त्यांना काम नको नव्हते. निम्मा रोज, मुकादमाची नजर आणि लेकराला ठेवायला जागा नसणे, हे नको होते.

माण तालुक्यातल्या म्हसवडची गोष्टही अशीच. १९९७ मध्ये तिथल्या बायका स्वतःची सहकारी बँक काढायला निघाल्या. आधी परवाना नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर. त्या अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करतो, तुमच्या साहेबांनाही करायला सांगा, कोण आधी करते ते पाहू. परवाना मिळाला. हिशेब बाईला येतो. हिशेबाची वही तिच्या हाती दिली जात नाही.

'बायका आल्या तर पुरुषांच्या नोकऱ्या जातील' हा दुसरा आक्षेप. आपल्या बेरोजगार तरुणांच्या तोंडी तो येतो तेव्हा आम्हाला त्यातली भीती समजते. पण दोस्तांनो, हेच वाक्य आपल्या आरक्षणाविरुद्ध कोण बोलते ते आठवा. काम म्हणजे ठरावीक भाकऱ्यांची टोपली नव्हे, की एकाने घेतली म्हणजे दुसरा उपाशी. कमावणारी बाई बाजारात खर्च करते, त्यातून दुकान चालते, शिलाई चालते, रिक्षा चालते. आजवर तुमची नोकरी ज्या व्यवस्थेने खाल्ली, ती व्यवस्था कंत्राटीकरणाची आहे, खासगीकरणाची आहे. तिचा राग बहिणीवर काढू नका.

तिसरे उत्तर सरकारचे : जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला महिना १५०० रुपये. गरीब घरात ते पैसे उपयोगी पडतात आणि घेणाऱ्या बहिणीला आम्ही नावे ठेवणार नाही. पण ओवाळणी आणि मजुरी यात फरक आहे. ओवाळणी भाऊ खूश असेपर्यंत मिळते. मजुरी हक्काने वसूल करता येते. बाईच्या वाट्याचा तोडणीचा पैसा दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ द्यायचा आणि वर भाऊबीज घालायची, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

इथे एक सावधगिरीही सांगून ठेवतो. मॅकिन्सीसारख्या कंपन्या अहवाल काढतात. २०१५ च्या त्यांच्या अहवालात भारताच्या उत्पन्नात बायकांचा वाटा जेमतेम १७ टक्के दाखवला होता, आणि बायका पुरुषांच्या बरोबरीने उतरल्या तर २०२५ चे उत्पन्न ६० टक्क्यांनी जास्त होईल असे म्हटले होते. आकडा आम्ही वापरतो, पण त्यांची भूमिका आमची नाही. बाई ही उत्पन्नाच्या भट्टीत घालायचे इंधन नाही. उत्पन्न एका रुपयाने वाढणार नसेल तरीही तिचा हक्क तिचाच आहे. आकडा आम्ही एवढ्यासाठीच मांडतो की 'देशाचा विकास' म्हणून आमच्या तोंडावर फेकला जाणारा शब्द किती पोकळ आहे ते दिसावे.

आपल्या घरात

आता कडू बोलतो. हे सगळे मराठ्यांच्या नि ब्राह्मणांच्या घरातच घडते असे आपण समजत असू, तर आपण स्वतःला फसवतो. आपल्यातल्या ज्या घरात सरकारी नोकरी आली, फ्लॅट आला, तिथे पहिला फेरबदल काय झाला? 'आता बायकोला कामाला पाठवायची गरज नाही.' ज्या आईने बांधकामावर पाट्या वाहून आम्हाला शिकवले, तिच्या सुनेला आम्ही घरी बसवले आणि त्याला प्रगती म्हटले. पाटलाच्या वाड्याची प्रतिष्ठा आम्ही भाड्याने आणली. १४ एप्रिलला मंचावर कोण असते आणि हजार माणसांच्या भाताच्या पातेल्यापाशी कोण असते, हे एकदा मोजा. स्त्रियांनी किती प्रगती केली त्यावरून मी समाजाची प्रगती मोजतो, असे बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. त्या मापाने आज आपल्याच शाखेचे माप घ्यायची आपली तयारी आहे का?

म्हणून आमच्या मागण्या दोन्हीकडे आहेत. कारखान्यांनी कोयत्यातल्या दोघांची स्वतंत्र नोंद करावी, पैसा दोघांच्या स्वतंत्र खात्यावर द्यावा आणि बाळंतपणाची रजा खाड्यात धरू नये. प्रत्येक ग्रामसभेत शेतमजुरीचा रोज बाई-बापई समान असल्याचा ठराव घ्यावा आणि तो बांधावर लागू होतो की नाही ते आपल्या कार्यकर्त्यांनी पाहावे. रोजगार हमीच्या कामावर पाळणाघर कागदावर नको, सावलीत हवे. दूध संस्थेचे सभासदत्व धार काढणारीच्या नावावर हवे, आणि घर-जमिनीच्या उताऱ्यावर तिचे नाव हवे. देशातल्या शेतखात्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांच्या नावावर आहेत, ही लाजेची गोष्ट आहे. आणि आपल्या घरी : सून-मुलगी-बायको कामाला जाणार असेल, तर चूल कोणाची हा प्रश्न आधी सोडवा. २८९ आणि ८८ मधले अंतर कायद्याने मिटणार नाही. ते आम्हीच मिटवायचे आहे.

साताऱ्यात ७ नोव्हेंबरला आपण जमतो. १९०० साली त्या दिवशी भिवा शाळेत दाखल झाला. आई भीमाबाई आधीच गेली होती. घर सांभाळत होती आत्या, मीराबाई. पाठीत बाक असलेल्या त्या बाईने चूल पेटवली नसती, लेकरांना घास भरवला नसता, तर तो मुलगा वर्गात पोचला असता का? या देशाला संविधान देणाऱ्या माणसाच्या घडणीत तिचे श्रम आहेत, आणि ते कुठल्याच राष्ट्रीय उत्पन्नात नाहीत. पुढच्या ७ नोव्हेंबरला शाळेसमोर उभे राहाल तेव्हा हारांमध्ये तिच्या नावाचाही एक हार असू द्या. आणि तिथून घरी जाताना वाटेवरच्या फडात थांबून तोडणाऱ्या बाईला विचारा, ताई, तुमच्या नावाचे खाते आहे का?

जय भीम.